बिलातला दिवा

परवा फायली आवरताना २००६ सालची वीजबिलं हाती लागली आणि नाशिकमधले ते भारनियमनाचे दिवस आठवले. एकलहऱ्याचं वीजकेंद्र शहराच्या उशाशी, आणि आमच्या घरात मेणबत्ती!

तर गोष्ट आहे सीएफएलची. ऊर्जा संवर्धन कायदा संसदेने २००१ मध्येच केला होता. २००२ मध्ये दिल्लीत ऊर्जा दक्षता ब्यूरो सुरू झाला. राज्याची महाऊर्जा तर १९८५ पासूनची. पण कायद्याने घरातला बल्ब थोडाच बदलतो? साधा बल्ब किरकोळ पैशांत मिळायचा, सीएफएल त्याच्या कितीतरी पट महाग. पुढे वाचणाऱ्या विजेसाठी आज खिशात हात कोण घालणार?

२००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने तिने सीएफएलचा प्रायोगिक कार्यक्रम राबवला तो आपल्या नाशिकमध्ये. त्यातली खरी युक्ती म्हणजे दिव्याचे पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडायची सोय. साधा हिशोब करून बघा. ६० वॉटच्या जागी १५ वॉटचा दिवा रोज ५ तास जळला, तर महिन्याला पावणेसात युनिटं वाचतात. म्हणजे दिवा आपली किंमत आपणच फेडतो!

पुढे २०१५ मध्ये केंद्राने एलईडीची देशव्यापी योजना आणली, तेव्हाही बिलातून हप्त्याची हीच सोय होती. दिल्लीचा कायदा, मुंबईतल्या आयोगाची मंजुरी आणि आमचं घर यांची गाठ कुठे पडली असेल, तर या एका कागदावर.

मात्र बिल संपलं की गाठही सुटली. सीएफएलमध्ये थोडा का होईना, पारा असतो. दिवा गेल्यावर तो टाकायचा कुठे? कचरा ही महापालिकेची जबाबदारी, म्हणून आम्ही तो सरळ घंटागाडीत टाकला. पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत आले ते थेट २०१६ मध्ये. तोवर सीएफएलची सद्दी संपत आली होती.

वाचलेली युनिटं मोजायला सगळे होते. उरलेली काच उचलायला मात्र सगळ्यात खालची पायरी, आणि तिला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, असं मला वाटतं.

असो. बिलं पुन्हा फायलीत ठेवली आहेत.