चावीपेटी, घराबाहेरची

चावीपेटी, घराबाहेरची : घराची जादा चावी दाराबाहेर ठेवता यावी म्हणून भिंतीला किंवा ग्रिलच्या गजाला लावायची, आकड्यांच्या कोडने उघडणारी लहान धातूची पेटी. दुकानात ती ‘की-बॉक्स’, ‘की-सेफ’ किंवा ‘लॉकबॉक्स’ म्हणून मिळते. आकार तळहाताएवढा, आत चार-पाच चाव्या मावतात. जुन्या वाड्यांच्या कुलपांच्या लांब लोखंडी किल्ल्या मात्र तिच्यात बसत नाहीत. भिंतीत स्क्रूने पक्की करायची आणि कुलपासारखी कडीने अडकवायची, असे तिचे दोन प्रकार आहेत. आकडे लावायची सोय चकत्यांची असते किंवा बटणांची. अलीकडे मोबाइलवरून उघडणाऱ्या पेट्याही आल्या आहेत.

अशी पेटी सुरक्षित असते का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. चाचणीत उतरलेली, पक्क्या भिंतीत बसवलेली, रस्त्यावरून न दिसणारी आणि कोड वेळोवेळी बदलला जाणारी पेटी कुंडीखालच्या चावीपेक्षा नक्कीच बरी. पण ऑनलाइन मिळणारी स्वस्त पेटी बहुधा घराच्या दारापेक्षा कच्ची असते. ती लावली की दाराचे भारी कुलूपही व्यवहारात तेवढेच कच्चे होते, कारण चोराला आता कुलपाशी झुंजायचे नसते, पेटीशी झुंजायचे असते.

दादरा व नगर हवेलीतल्या सिल्वासा शहराच्या संदर्भात या वस्तूचा विचार करायला सबळ कारण आहे. ‘चावी’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून मराठीत आला, आणि नगर हवेली १७८३ पासून १९५४ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले तेव्हा ते लहानसे गाव होते. पुढे करसवलतींमुळे इथे कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग कामगार. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २००१ मध्ये २,२०,४९० होती. २०११ च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ झाली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या फक्त ७७४. घर-संसार गावी ठेवून एकटे आलेले पुरुष इथे किती आहेत ते या एका आकड्यावरून कळते. एका खोलीत तिघे-चौघे, प्रत्येकाची पाळी वेगळी आणि दाराला कुलूप एक. अशा शहरात दुसरी चावी कुठे ठेवायची हा रोजचा प्रश्न आहे.

सामरवरणी, मसाट, नरोली या भागांतल्या चाळींत फिरले की त्याची उत्तरे दिसतात. पत्र्याचे किंवा फ्लशचे दार, त्याला कडी-कोयंडा, त्यात पितळी कुलूप. रात्रपाळी करून येणारा सकाळी साडेसातला दाराशी पोचतो तेव्हा पहिल्या पाळीवाला कामावर गेलेला असतो. मग येणारा पायांच्या चवड्यांवर उभा राहून चौकटीच्या वरच्या फळीवर बोटे फिरवतो, किंवा झरोक्यातून हात घालून आतल्या खिळ्याला टांगलेली चावी काढतो. कुठे ती पायपुसण्याखाली असते, कुठे मीटरच्या पेटीत, कुठे बाहेर ठेवलेल्या जुन्या बुटात. ही ठिकाणे सगळ्या चाळीला ठाऊक असतात, म्हणजे चोरालाही ठाऊक असतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची तऱ्हा फारशी वेगळी नाही. तिथे बुटाच्या जागी शू-रॅक आणि तुळशीची कुंडी येते. ‘चावी शेजारी आहे’ हे वाक्य मात्र दोन्हीकडे ऐकू येते, आणि आजवर सर्वांत जास्त घरे राखली ती याच व्यवस्थेने. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारेच नसण्याची प्रथा प्रसिद्ध आहे, २०११ मध्ये तिथे एका बँकेनेही कुलपाविना शाखा उघडली. पण ती त्या गावाच्या श्रद्धेची गोष्ट. दर वर्षी भाडेकरू बदलणाऱ्या औद्योगिक वस्तीला ती लागू पडत नाही.

भिंतीवरच्या चावीपेटीचा प्रसार ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला तो वृद्धसेवेमुळे. एकट्या राहणाऱ्या आजारी माणसाकडे दिवसातून दोनदा-तीनदा सेविका येते, ती दर वेळी वेगळी असू शकते, आणि प्रत्येकीला चावी देणे शक्य नसते. तिथल्या पोलिसांशी निगडित ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ ही योजना १९८९ पासून चालू आहे. चाचणी झालेल्या निवडक चावीपेट्यांना तिची मान्यता मिळते. ‘एलपीएस ११७५’ हे दुसरे मानक आहे. त्याच्या सर्वांत खालच्या श्रेणीत पेटीवर साध्या हत्यारांनी हल्ला करून ती एक मिनिट टिकते का ते पाहतात. एक मिनिट ऐकायला थोडे वाटते. पण रस्त्याकडेच्या दारात उभे राहून, आवाज करत घालवायचे एक मिनिट चोराला जड जाते, आणि मान्यता नसलेल्या ओतीव जस्तमिश्रधातूच्या पेट्या हातोडी-छिन्नीपुढे तेवढाही वेळ टिकतील याची खात्री कोणी देत नाही. वेष्टनावर ‘हेवी ड्यूटी’ छापलेले असणे म्हणजे चाचणी झालेली असणे असे नाही. कोणत्या मानकाची कोणती श्रेणी, हे विचारावे.

पेटी फोडण्यापेक्षा कोड हाती लागण्याचा धोका मोठा, आणि इथला हिशेब ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. बटणांच्या यांत्रिक पेटीत एक बटण एकदाच दाबले जाते आणि कोणते आधी, कोणते नंतर याला काही अर्थ नसतो. २-५-७-९ आणि ९-७-५-२ हे तिच्या लेखी एकच. त्यामुळे दहा बटणांच्या पेटीत चार आकड्यांचे कोड दहा हजार नसून केवळ २१० होतात. एका प्रयत्नाला दहा सेकंद धरले तर सगळे कोड लावून पाहायला ३५ मिनिटे पुरतात. बारा बटणांच्या पेटीचे, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये परिचित असलेल्या ‘सुप्रा सी ५००’चे, एकूण ४,०९६ कोड सांगितले जातात. हा आकडा बरोबर आहे, पण तो एकही बटण न दाबण्यापासून बाराही बटणे दाबण्यापर्यंतचे सगळे पर्याय मिळून होतो. त्यातले चार आकडी कोड फक्त ४९५. सहा बटणे घेतली तर ९२४. म्हणून अशा पेटीला चारऐवजी सहा आकड्यांचा कोड ठेवावा. लक्षात ठेवायला तो थोडा अवघड, पण सुरक्षितता जवळजवळ दुप्पट होते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

बटणांचा आणखी एक दोष डोळ्यांना दिसतो. सिल्वासाच्या रस्त्यांवर ट्रक अखंड धावतात आणि धूळ सगळ्यावर बसते. सहा महिने भिंतीवर असलेल्या पेटीचे झाकण उचलून पाहावे. रोज दाबली जाणारी बटणे स्वच्छ, चकचकीत असतात, आकड्यांचा रंग थोडा उडालेला असतो. बाकीच्यांच्या कडांना मातीची रेघ साचलेली असते. क्रमाला महत्त्व नसल्यामुळे ती स्वच्छ बटणे म्हणजेच कोड. उपाय साधा आहे : पेटी आठवड्याला पुसावी आणि कोड दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा.

चार चकत्यांच्या पेटीत क्रमाला महत्त्व असते, म्हणून तिथे खरोखर १०,००० कोड होतात. कागदावर ही पेटी वरचढ ठरते. पण पुष्कळ स्वस्त पेट्यांत चकत्यांचा सैलपणा जाणकाराच्या बोटांना कळतो आणि कोड माहीत नसतानाही त्या उघडतात. शिवाय घाईत पेटी बंद करणारा माणूस चारही चकत्या फिरवत नाही, शेवटची तेवढी एक-दोन घरे सरकवतो. आणि कोड निवडताना लोक जन्मसाल घेतात. १९५० ते २०१० ही सालेच काढली तर ती अवघी ६१. सिल्वासात आणखी काही आकडे कोणालाही आधी सुचतील असे आहेत : ०२६० हा एसटीडी कोड, ०२०८ हा मुक्तिदिन, पिनकोडातले ३९६२ किंवा ६२३०, आणि आपल्याच गाडीच्या पाटीवरचे चार आकडे. हे कटाक्षाने टाळावेत.

भिंत हा भाग लोक विसरतात. पेटी कितीही भक्कम असली तरी ती ज्यात बसवली त्यातून उपटून निघाली तर चोर ती पिशवीत घालून नेतो आणि सावकाश फोडतो. भरीव विटेत किंवा काँक्रीटच्या कॉलममध्ये विस्तारी बोल्टने बसवलेली पेटी धरून राहते. नव्या इमारतींत वापरले जाणारे हलके एएसी ब्लॉक मात्र मऊ असतात. त्यांत साधा बोल्ट पकड घेत नाही, खास अँकर लागतात. प्लास्टरमध्ये चार स्क्रू मारून पेटी बसवणे म्हणजे खिळ्याला चावी टांगण्यासारखेच. ग्रिलला कडीने अडकवलेली पेटी त्याहून कमकुवत, कारण कडी कापायला बोल्टकटर पुरतो. अशी पेटी घराच्या कायमच्या चावीसाठी वापरू नये. इमारतीत सामाईक भिंत असेल तर सोसायटीची परवानगी आधी घ्यावी लागते. मग पावसाचे आहे. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आतल्या स्प्रिंगा गंजतात, चकत्या अडकतात, आणि भर पावसात रात्री अकराला पेटी उघडत नाही. वर रबरी झाकण असलेली पेटी घ्यावी, ती पागोळीखाली लावू नये आणि मे महिन्यात तिला ग्रॅफाइटची भुकटी द्यावी. साध्या तेलावर धूळ चिकटून लगदा होतो. विजेवर चालणाऱ्या पेटीचे सेलही त्याच वेळी बदलावेत.

अनोळखी चोरापेक्षा ओळखीचा माणूस हा मोठा धोका आहे. कोड सोडून गेलेल्या रूममेटला माहीत असतो, कामवाल्या मावशींना माहीत असतो, एकदा येऊन गेलेल्या प्लंबरलाही फोनवर सांगितलेला असतो. पेटी कधी, कोणी उघडली याची नोंद यांत्रिक पेटी ठेवत नाही. चावी काढून, चावीवाल्याकडे पाच-दहा मिनिटांत दुसरी पाडून, मूळ चावी जागेवर ठेवली तर मालकाला कळायला मार्ग नसतो. म्हणून कोड कोणाला दिला त्याची वहीत नोंद असावी, काम झाले की त्याच दिवशी कोड बदलावा, आणि सहवासी भांडून गेला असेल तर दाराचे कुलूपच बदलावे. चावीला फ्लॅट नंबरचा बिल्ला लावू नये हे वेगळे सांगायला नको, तरी लोक लावतात.

कायद्याच्या बाजूने इथे एक महत्त्वाची खोच आहे. सापडलेल्या चावीने दार उघडून आत शिरणे ही घरफोडीच. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये हरवलेली चावी सापडून घर उघडणाऱ्याचे उदाहरणच दिले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्येही तीच व्याख्या आहे. म्हणजे पोलिसांकडे तक्रार नोंदवायला अडचण नाही. विम्याचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात ठरवले की पॉलिसीत ‘जबरदस्तीने व बळाने प्रवेश’ असे शब्द असतील तर भरपाईसाठी बळाचा वापर झालेला असलाच पाहिजे. दंड संहितेतली व्याख्या तिथे चालत नाही, पॉलिसीतलीच चालते. चोराने कोड ओळखून पेटी उघडली, चावी घेतली, दार शांतपणे उघडले आणि ऐवज नेला, तर कडी-कोयंडा शाबूत राहतो आणि बळाची खूण कुठेच उरत नाही. दावा फेटाळला जाण्याची शक्यता तिथेच निर्माण होते. पेटी लावण्याआधी पॉलिसीचे हे कलम वाचावे आणि पेटीबद्दल विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

परदेशी किंवा पुण्या-मुंबईत असलेली मुले आईवडिलांच्या दाराशी अशी पेटी लावण्याचा विचार करतात. अडीअडचणीला शेजाऱ्यांना, रुग्णवाहिकेतल्या माणसांना आत जाता यावे हा हेतू योग्य आहे. पण आपल्याकडे रात्री दाराला आतून कडी घालतात, आणि कडी घातलेले दार बाहेरच्या कोणत्याही चावीने उघडत नाही. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या आजींपर्यंत पोचायचे तर आधी कडीची सवय सोडवून बाहेरून चावीने उघडणारे लॅच बसवावे लागते. पेटीचा खर्च त्यानंतरचा.

भाड्याच्या पर्यटक-खोल्यांसाठीही या पेट्या जगभर वापरल्या जातात. पाहुणा न भेटता परस्पर आत जातो, आणि तो कोण आहे हे कोणी पाहत नाही. याच कारणाने इटलीच्या गृहखात्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाहुण्यांची ओळख समक्ष पटवण्याचा आदेश काढला. तिथल्या फ्लॉरेन्स शहराने जुन्या शहरातल्या चावीपेट्यांवर बंदी आणली. नगर हवेलीतल्या दुधनी-खानवेलकडे घर भाड्याने देणाऱ्यांनीही चावी हातातच द्यावी.

सिल्वासातल्या चाळीच्या खोलीला पेटीची गरज नाही. जिथे कोयंडाच पहारीच्या एका हिसक्याने निघतो, तिथे पेटीवर खर्च करण्याऐवजी कोयंडा जाड पट्टीचा करून आरपार बोल्टने आवळावा आणि प्रत्येक सहवाशाला कुलपाची स्वतःची चावी पाडून द्यावी. फ्लॅटमध्ये विश्वासाचा शेजारी असेल तर जादा चावी त्याच्याकडे, बंद पाकिटावर तारीख घालून द्यावी. तसा शेजारी नसेल, घरी आजारी माणूस असेल, तरच चाचणीत उतरलेली पेटी घ्यावी. आणि ज्यांच्या भिंतीवर ती आधीच आहे त्यांनी आज बाहेर जाऊन एवढे पाहावे : कारखान्यातून आलेला मूळ कोड अजून तोच तर नाही ना. बहुतेक पेट्यांचा मूळ कोड माहितीपत्रकात छापलेला असतो.