औषधाने उतरावे कुठे? पनवेलच्या औषधशाळेपासून हायड्रोजेलपर्यंत

१/ औषध कोणी शोधले, हे इतिहास लक्षात ठेवतो. ते शरीरात योग्य जागी कसे पोहोचले, हे क्वचितच विचारले जाते. हा धागा त्या दुसऱ्या प्रश्नाचा.

२/ १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलमध्ये श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधसंस्थेचा पाया घातला. आयुर्वेदात औषधासोबत ‘अनुपान’ सांगितले जाते : मध, तूप किंवा कोमट पाणी. औषध कशासोबत घ्यावे, याचाही तेथे विचार होता.

३/ युरोपात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे गेला. १८८४ साली जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी गोळ्यांना केराटिनचा, म्हणजे शिंगा-नखांतील द्रव्याचा, लेप दिला. हेतू असा की, गोळी जठराच्या आम्लात टिकावी आणि आतड्यात विरघळावी.

४/ या प्रश्नाची खरी निकड इन्शुलिनने दाखवली. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत एका मधुमेही मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. इन्शुलिन हे प्रथिन. गिळले तर ते अन्नासारखे पचून जाते. म्हणूनच शतकानंतरही असंख्य रुग्णांच्या वाट्याला रोजची सुई आहे.

५/ १९५० साली वेर्नर कून, आहारोन काचाल्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, आम्लगट असलेल्या बहुवारिकांचे जाळे आम्लात आकसते आणि अल्कलीत फुगते. अल्कलीत त्या गटांवर ऋण प्रभार येतो, साखळ्या परस्परांना दूर लोटतात आणि पाणी आत शिरते. पीएच बदलताच दार उघडते!

६/ या जाळ्यासाठी लागणारा माल निसर्गात आधीच होता. समुद्रशैवालातील अल्जिनेट १८८१ पासून ज्ञात. ते जठरात आकसते, आतड्यात फुगते. कोळंबीच्या टरफलांतील कायटिनपासून मिळणारे कायटोसान १८५९ पासून ज्ञात. त्याची रीत उलटी, ते आम्लात फुगते. कोकणात कचरा ठरणारी टरफले अशी औषधाचे वाहन होऊ शकतात.

७/ पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही १९५० चीच. पुढे रघुनाथ माशेलकर व सहकाऱ्यांनी तेथे परिस्थितीनुसार बदलणाऱ्या जेलचा अभ्यास केला. नॅनोजेल म्हणजे असेच जाळे, पण केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान कणांत.

८/ मग ‘हायड्रोजेल आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणावे का? नाही. अनुपान पीएच ओळखून उघडत नाही, आणि त्याने तसा दावाही कधी केला नव्हता. प्रश्नांचे नाते जुळते, म्हणून उत्तरे एक होत नाहीत. हा भेद राखणे म्हणजे पनवेलच्या वैद्याचा आणि पुण्याच्या शास्त्रज्ञाचा, दोघांचाही मान राखणे.