शुश्रूषा : माया आणि विद्या

आजारी माणसाची शुश्रूषा कशी करावी हे बाईला शिकवावे लागत नाही, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. घरातील सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणजे सून, लेक किंवा माहेरी परत आलेली विधवा नणंद त्यांच्या उशाशी बसते. हे काम ती कोठे शिकली, असे कोणी विचारीत नाही. या समजुतीत स्त्रीचा गौरव दिसतो खरा, पण तिच्यामुळे दोन अन्याय झाले. शुश्रूषा ही शिकण्याजोगी विद्या आहे, हे समाजाला उशिरा कळले. आणि वृद्धांचे पुष्कळसे टाळता येण्याजोगे हाल ‘वयाचेच भोग’ म्हणून सोडून देण्यात आले. ही विद्या कशी उभी राहिली आणि तिच्यात आपल्या नाशिकचा धागा कोठे आहे, हे मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भगिनींपुढे मांडावेसे वाटते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालचा, आपल्याच जिल्ह्यातील निफाडचा. १८७८ च्या सुमारास त्यांची नाशकास बदली झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी रमाबाई ऐन पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्तींनी त्यांना लिहावाचावयास शिकविले आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणीही रमाबाईंना सोसावी लागली. नाशिकच्या हायस्कुलातील एका समारंभात त्यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले. ते भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिलेले होते. पुढे हजारो स्त्रियांना उभे करणाऱ्या बाईंचे सार्वजनिक आयुष्य असे आपल्या गावात सुरू झाले, ही नाशिककर भगिनींनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले. पुढच्याच वर्षी रमाबाईंनी पुण्यात त्याचे काम सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. शिवण, शिक्षण असे वर्ग सर्वांना मानवले. पण रमाबाईंनी मुलींना आणि विधवांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याचे ठरविले, तेव्हा मात्र लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे! सोवळ्याच्या त्या काळात हे ऐकणेसुद्धा जड होते. घरच्या आजाऱ्यासाठी हेच सारे करणारी बाई पुण्यवान ठरे. शिकून आणि पगार घेऊन करणारी हलकी ठरे. या दुटप्पीपणाशी रमाबाई १९२४ साली देह ठेवीपर्यंत झुंजल्या.

इकडे हा झगडा चालू होण्याच्या कितीतरी आधी इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या विद्येचा पाया घातला होता. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या गेल्या, ते दिवा घेऊन फिरणारी दयाळू बाई म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांची खरी थोरवी वहीत होती. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीमुळे झालेल्या रोगांनी, हे त्यांनी मोजले आणि आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत; तरी खेड्यांच्या आरोग्याविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पाहावे, मोजावे, लिहून ठेवावे आणि मग सांगावे, हा शुश्रूषेतील संशोधनाचा पहिला धडा.

तो धडा वृद्धांच्या खाटेपाशी नेला डोरीन नॉर्टन या परिचारिकेने. त्यांचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. त्यांवर स्पिरिट चोळावे, मलम लावावे, अशी वहिवाट होती. नॉर्टनबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातील वृद्धांची नीट पाहणी केली, तेव्हा आढळले की, चोळण्या-माखण्याने विशेष काही साधत नाही. ठराविक वेळाने कूस बदलून अंगावरचा दाब काढला तर जखम टळते. कोणाला धोका अधिक, हे ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टी ठरविल्या : प्रकृती, मनाची जाग, चालणे-फिरणे, अंथरुणात हलण्याची ताकद आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण. एकूण २० पैकी १४ किंवा कमी भरले, तर सावध व्हावे. इतकी साधी गोष्ट! पण ‘म्हातारपणी व्हायचेच’ म्हणून सोडून दिलेले दुःख टाळता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडेही पावले पडली. १९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले ते आपल्या नाशकात, म्हसरूळला. राज्यभरातील परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत आणि पदव्युत्तर परिचर्येच्या विद्यार्थिनीला पाहणी करून प्रबंध लिहावा लागतो. ज्या गावात रमाबाईंनी लिहून दिलेले भाषण वाचले, त्याच गावच्या विद्यापीठासाठी आज परिचारिका स्वतःच्या निरीक्षणाचे ग्रंथ लिहितात. केवढा हा पल्ला!

पण काम सरलेले नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात साठी ओलांडलेली माणसे १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. त्यांतील बायकांपैकी जवळजवळ निम्म्या विधवा. पुरुषांत मात्र विधुरांचे प्रमाण सातांत एकाच्या आसपास. याचा अर्थ उघड आहे. नवऱ्याचे आजारपण बायको काढते. तिची पाळी येते तेव्हा उशाशी बसायला तो नसतो. जन्मभर साऱ्या घराची शुश्रूषा करणारीच शेवटी एकटी पडते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशी गाठलेल्या ७२ हजारांवर स्त्रीपुरुषांची देशभर पाहणी केली, ती अशाच प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी.

भगिनींनो, संशोधन म्हणजे केवळ विद्यापीठातले काम नव्हे. घरात वृद्ध माणूस अंथरुणावर असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी आणि वेळ वहीत टिपावी. जेवण किती गेले, झोप किती लागली, तोल कधी गेला, तेही लिहावे. डॉक्टरांना आणि परिचारिकेला ती वही दाखवावी. आणि मंडळातील एखाद्या आजी दोन बैठकांना दिसल्या नाहीत, तर तिसऱ्या बैठकीची वाट न पाहता त्यांच्या घरी जावे. माया आपल्यापाशी आहेच. तिला विद्येची जोड द्यावी, हाच रमाबाईंचा वारसा.