जीपची मोठ्या टायरांसाठी फेररचना

मूळ मापापेक्षा अधिक व्यासाचे टायर बसविता यावेत म्हणून जीप व तत्सम चारही चाकांना चालना असणाऱ्या वाहनांत केलेले बदल. चिखल, खडक व ओढे ओलांडताना वाहनाचा तळ जमिनीला टेकू नये, हा या बदलांचा मुख्य उद्देश असतो. जुन्या जीपमध्ये अखंड आसावरील डिफरन्शियलचा गोळा हा सर्वांत खालच्या भागांपैकी एक होय. सांगाडा कितीही उचलला, तरी हा गोळा वर जात नाही. त्यासाठी टायरचाच व्यास वाढवावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून तयार झालेल्या विलिस एमबी या जीपला ६.००–१६ मापाचे, म्हणजे सु. ६ इंच रुंदीचे व १६ इंची रिमवर बसणारे अरुंद टायर असत. असा टायर वरचा पातळ चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीवर पकड घेतो. मऊ वाळूत मात्र रुंद व कमी हवेचा टायर उपयुक्त ठरतो. भारतात मुंबई येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीने १९४७ मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. पुढे सीजे–३बी या नमुन्यावर आधारलेल्या जीपगाड्या अनेक दशके येथे निघत राहिल्या. रचना साधी व सुटे भाग सुलभ असल्याने या गाड्या गॅरेजमधील फेररचनेस सोयीच्या ठरल्या.

या जीपमध्ये पाट्यांच्या स्प्रिंगा आसाच्या खाली असतात. त्या आसाच्या वर बसविल्या, म्हणजे सांगाडा उंचावतो व मोठ्या चाकास जागा मिळते. लांब शॅकल बसविणे, पाटे वाढविणे व मडगार्डच्या कडा कापणे हे इतर उपाय होत.

या बदलांचे परिणाम साध्या गणितानेही स्पष्ट होतात. २०१० च्या थार गाडीच्या २३५/७० आर १६ या टायरचा व्यास सु. ७३५ मिमी. आहे. त्याऐवजी ३३ इंची, म्हणजे सु. ८३८ मिमी. व्यासाचा टायर बसविल्यास आस सु. ५१ मिमी. वर जातो. परंतु चाकाचा परिघ १४ टक्क्यांनी वाढल्यामुळे वेगमापक ताशी ६० किमी. दाखवीत असता प्रत्यक्ष वेग सु. ६८ किमी. असतो. अंतिम दंतचक्रांचे गुणोत्तर त्याच प्रमाणात वाढविले नाही, तर चढावर एंजिनाची ओढ कमी पडते. ब्रेकवरील ताण वाढतो, प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

यामुळेच हा विषय कायद्याच्या कक्षेत आला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली सुधारणा होऊन उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या सुधारणेने असा बदल करणाऱ्या वाहनमालकास दंड व कैदेची तरतूद केली.

निर्बंधांमागील कारण ठाणे परिसरात सहज ध्यानी येते. बाळकुमहून जुना आग्रा रस्ता कशेळीमार्गे भिवंडीकडे जातो. सह्याद्रीतील चिखलवाटांसाठी सजविलेल्या गाडीलाही प्रथम अशाच गजबजलेल्या डांबरी रस्त्यावरून, पादचारी व दुचाकीस्वार यांच्यामधून जावे लागते. डोंगरात उपयोगी पडणारी उंची येथे थांबण्याच्या व वळण्याच्या क्षमतेवर भार टाकते आणि त्या भाराचा धोका केवळ चालकापुरता राहत नाही.

उत्पादकांनीही टायरांचा व्यास वाढविला आहे. नासिक येथे तयार होणाऱ्या २०२० च्या थारमध्ये २५५/६५ आर १८ मापाचे, सु. ७८९ मिमी. व्यासाचे टायर आले. मात्र त्यांच्या जोडीस सांगाडा नवा आखण्यात आला व मागील पाट्यांऐवजी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा बसविण्यात आल्या. टायर मोठा करणे म्हणजे चाकापासून ब्रेकपर्यंतचे संपूर्ण वाहन पुन्हा आखणे होय, हे तत्त्व त्यातून दिसून येते.