मल्लाचें बळ आणि प्रेक्षकांचें देणें

थेसली प्रांतांतील स्कोटुसा या नगराचें नांव आज इतिहासाच्या अभ्यासकांच्या तोंडीं येतें, तें बहुधा पॉलिडामस नांवाच्या एका मल्लामुळें. इ. स. पूर्वीं ४०८ सालीं ऑलिंपिया येथील उत्सवांत, मुष्टियुद्ध व कुस्ती यांच्या मिश्रणानें झालेल्या ‘पँक्रेशन’ या भयंकर खेळांत त्यानें विजय मिळविला. पुढें लायसिपस या थोर शिल्पकारानें त्याचा पुतळा घडविला, व तो ऑलिंपियांत उंच चौथऱ्यावर उभा राहिला. पुतळा नाहींसा झाला, तरी चौथऱ्याचे कोरीव अवशेष तेथील संग्रहालयांत अद्यापि पाहावयास मिळतात. नवल हें कीं, पुतळा ऑलिंपियांतील विजेत्याचा असूनही चौथऱ्यावर कोरले आहेत ते आखाड्याबाहेरचे प्रसंग : सिंहाशीं झुंज आणि इराणच्या राजासमोरचा सामना.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील प्रवासी पॉसेनिअस याच्या ग्रंथांत या कथा सविस्तर आल्या आहेत. हेरॅक्लीझची बरोबरी करावी या ईर्षेनें पॉलिडामसनें ऑलिंपस पर्वतावर निःशस्त्र स्थितींत सिंह मारला. भरधांव रथ मागून एका हातानें धरून थांबविला. आणि दुसऱ्या दरायस राजाच्या निमंत्रणावरून सुसा येथें जाऊन, ‘अमर’ म्हणविणाऱ्या राजरक्षकांपैकीं तिघांना एकाच वेळीं आव्हान देऊन ठार केलें. या गोष्टी अक्षरशः खऱ्या मानण्याचें कारण नाहीं. परंतु लोकांना आपल्या मल्लाकडून काय हवें होतें, हें त्यांवरून स्पष्ट दिसतें. पेलिनी नगराचे लोक आमच्या प्रोमाकसनें त्याला हरविलें असें सांगत. थेसलीकर मात्र तें मुळींच कबूल करीत नसत. त्याच्या पुतळ्यास तर ताप बरा करण्याचें सामर्थ्य आहे, अशीही समजूत होती. लूशियननें तिची थट्टा केली आहे.

अशा पुरुषाचा शेत कसा झाला? उन्हाळ्याच्या दिवसांत तो सोबत्यांसह एका गुहेंत विसावला असतां वरचा खडक फाटूं लागला. सोबती बाहेर पळाले. पॉलिडामसनें मात्र दोन्ही हात वर करून तो डोंगर तोलून धरावयाचें ठरविलें, आणि तेथेंच तो गाडला गेला. बळ मोठें व विवेक थोडा, याचा दाखला म्हणून डायोडोरस या इतिहासकारानें हें मरण सांगितलें आहे.

हा निवाडा मला अर्धाच खरा वाटतो. ज्याला सर्वांनीं ‘तुला अशक्य तें काय?’ असें म्हणून डोक्यावर घेतलें, त्याला इतरांसारखें पळणें लाजिरवाणें वाटलें असल्यास दोष एकट्या त्याच्या पदरीं बांधतां येईल काय?

प्रश्न जुना असला तरी शिळा झालेला नाहीं. १२ जून २००६ रोजीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरांत बेन रॉथलिसबर्गर हा चोवीस वर्षांचा फुटबॉलपटू शिरस्त्राणावांचून मोटारसायकल चालवीत असतां एका मोटारीवर आदळला. त्याचा जबडा व चेहऱ्याचीं हाडें मोडलीं. चारच महिन्यांपूर्वीं त्यानें आपल्या संघास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. त्याच्या शिक्षकानें त्यास आधीं सावध केलें होतें. पण त्या राज्यानें २००३ सालीं शिरस्त्राणाची सक्ती बरीच शिथिल केली असल्यामुळें प्रौढ माणसास तशी मुभा मिळूं शकत होती. तो बचावला, आणि त्यानें आपल्या चाहत्यांची जाहीर क्षमा मागितली.

क्षमा कशाबद्दल? आपली करमणूक बुडाली म्हणून, असें उत्तर कोणी दिल्यास तें मला मान्य नाहीं. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतो, त्याला खेळ पाहावयास मिळतो. हिशेब तेथेंच पुरा होतो. मालकाचें नुकसान करारानें भरून निघेल. खेळाडूचा सारा जीवितक्रमच आमचा, असा दावा करणें म्हणजे त्याला रोमच्या ग्लॅडिएटरच्या पंक्तीस बसविणें होय. त्यांतील बहुतेक गुलाम असत, आणि त्यांच्या देहावर सत्ता मालकाची असे.

तरीही ती क्षमा मला योग्य वाटते. खेळाडूचा क्रमांक पाठीवर मिरविणारा मुलगा त्याचा खेळ उचलूं शकत नाहीं. त्याचें बेफिकीर वागणें मात्र दुसऱ्याच दिवशीं उचलतो. कीर्तीबरोबर हें ओझें येतें, आणि तें कोणत्याही करारांत लिहिलेलें नसतें. पण तें एकट्या खेळाडूनें वाहावयाचें नाहीं. मैदानावरील पराक्रमास टाळी द्यावी. मैदानाबाहेरच्या सिंहासाठीं ती राखून ठेवूं नये, हें आपलें देणें.

मीं ही कथा वर्गांत सांगितली कीं विद्यार्थी पॉलिडामसला हंसतात. एका वर्षीं मात्र एका विद्यार्थ्यानें विचारलें, “पळणाऱ्या सोबत्यांपैकीं एकानेंही त्याला ‘अरे, तूंही ये’ म्हणून हांक कां मारली नाहीं?” पॉसेनिअसनें याविषयीं कांहींच लिहिलेलें नाहीं. पण आपण घरांतील मुलांना ही कथा सांगूं, तेव्हां हा प्रश्न वगळूं नये.