क्रॉफर्ड प्रकरण : कर्जबाजारी कमिशनर आणि सरकारचा विश्वास

१/ ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून लोकलने येऊन क्रॉफर्ड मार्केटात खरेदी करणारे लोक ज्याचे नाव आजही घेतात, त्या आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्डला सरकारने अखेर नोकरीतून काढले होते. का, ते या धाग्यात पाहू.

२/ १८६५ मध्ये क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. माणूस धडाडीचा, पण हात सैल. नगरपालिकेच्या खर्चावरून वादळ उठले. स्वतःच्या संसारातही तोच प्रकार. भरभक्कम पगार असूनही कर्ज वाढतच गेले.

३/ पुढे तो पुण्यास मध्य विभागाचा कमिशनर झाला. मामलेदारांच्या बढत्या-बदल्या त्याच्या हाती होत्या. हणमंतराव या मध्यस्थामार्फत त्यासाठी पैसे घेतले जातात, अशी कुजबुज सुरू झाली.

४/ १८८८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्डला निलंबित करून चौकशी आयोग नेमला. खरे सांगणाऱ्या मामलेदारांना अभयवचन देण्यात आले.

५/ निष्कर्ष चकित करणारा होता. आयोगाच्या मते लाचखोरी सिद्ध झाली नाही. मात्र आपल्याच अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका कायम राहिला. सनदी सेवेचे दार त्याला बंद होण्यास तेवढे पुरेसे ठरले.

६/ प्रकरणाचे मर्म इथेच आहे. कर्ज काढणे हा गुन्हा नव्हे. परंतु ज्याच्या बढतीचा निर्णय करायचा, त्याचेच देणे डोक्यावर असेल, तर तो निर्णय स्वतंत्र कसा राहील? ऋणको अधिकारी दुसऱ्याच्या मुठीत असतो. गोपनीय पदावर नेमण्यापूर्वी आज माणसाची आर्थिक स्थिती तपासतात, ती याच भीतीपोटी.

७/ दुर्दैव मामलेदारांचे. पैसे दिल्याची कबुली देणाऱ्यांना पदावर ठेवू नये, अशी ओरड झाली आणि वचन मिळूनही काहींची नोकरी गेली. सरकारने शब्द पाळावा, म्हणून टिळकांनी त्यांची बाजू लढवली. १८८९ मध्ये त्यांच्या संरक्षणासाठी कायदाही करावा लागला.

८/ अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचारनियमांतही अधिकारक्षेत्रातील व्यक्तीकडून उसने घेण्यास मनाई आहे. क्रॉफर्डने सरकारचा विश्वास गमावला. मामलेदारांच्या बाबतीत सरकारने स्वतःवरचा. यांतला मोठा तोटा कोणता, हे वाचकांनीच ठरवावे.