अनुपस्थित परीक्षक : हौशी छायाचित्रणाच्या इतिहासाविषयी थोडेसे

कल्याण–नगर रस्त्याने आळेफाटा ओलांडून पूर्वेकडे निघाले की बेल्हे लागते. जुन्नर तालुक्यातील या गावाचा सोमवारचा बाजार बैलांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. आम्ही काही जण, साहित्य शिकवून पोट भरणारे आणि छायाचित्रणाची हौस बाळगणारे, एका हिवाळ्यात ओळीने काही सोमवार तिथे गेलो. पहिल्या सोमवारी आम्ही जे टिपले ते कोणीही टिपले असते: लाल पागोटे, सुरकुतलेला चेहरा, हिंगूळ लावलेली शिंगे, धुळीतून येणारी तिरपी किरणे. परतल्यावर ती छायाचित्रे एकमेकांना दाखवली, एकमेकांची वाहवाही केली. हे सगळे आपण आधी कुठेतरी पाहिले आहे, ही शंका मात्र मनातून जाईना. त्या शंकेचा माग काढत गेलो तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागले.

१८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. लंडनची अशी संस्था निघून तेव्हा दोन वर्षेही लोटली नव्हती. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था नंतरच्या, १८५६ च्या. सभासदांत गोऱ्या अधिकाऱ्यांचा भरणा असला तरी डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही नावे त्यांत आहेत. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्या काळी छायाचित्रण ही निम्मी रसायनविद्याच असल्याने वैद्यकाच्या पदवीधराला तिची गोडी लागावी यात नवल नाही. भाऊ दाजी पुढे अजिंठ्याच्या शिलालेखांकडे वळले. नारायण दाजींनी मात्र कॅमेरा हाती धरला. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तिथे क्रॉफर्ड यांच्या हाताखाली शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले.

या मंडळींची शिकण्याची रीत आजच्या हौशी माणसालाही ओळखीची वाटेल. प्रयोग करावा, तो बैठकीत मांडावा, इतरांनी दोष दाखवावेत, पुन्हा प्रयोग करावा. संस्थेचे स्वतःचे नियतकालिकही होते. १८५६ ते १८५८ या काळात संस्थेच्या आश्रयाने ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ निघाला. तो काढणारे जॉन्सन आणि हेंडरसन व्यवसायाने छायाचित्रकार होते, तरी नावात मान हौशी माणसाला! त्यात मुंबई परिसरातील इमारती आणि देखावे होते, त्याचप्रमाणे पश्चिम भारतातील ‘पोशाख आणि नमुने’ही होते. जॉन्सनने पुढे १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील जातीजमातींचा दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्यातील माणसे एकीकडे टिपलेली, पाठीमागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही नंतर जोडलेले. व्यक्तीचे नाव नाही, जातीचे आहे.

आमच्या पहिल्या सोमवारचे मूळ आम्हांला इथे सापडले. लाल पागोट्याच्या त्या म्हाताऱ्याचे नाव आम्हीही विचारले नव्हते.

याचा सगळा दोष साम्राज्याच्या वर्गीकरणाच्या हव्यासावर टाकण्याची आज रीत आहे. तो हव्यास खराच. १८६८ ते १८७५ दरम्यान निघालेले ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड त्याची साक्ष देतात. पण तंत्राचाही त्यात वाटा होता, हे साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये. १८५१ साली आर्चरने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच रसायनाने माखायची, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ती ओली असेतो चित्र घेऊन धुवायचीही. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. आपल्या उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर. अंधारी राहुटी सोबत न्यावी लागे. चित्र उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ समोरच्याने पुतळ्यासारखे राहायचे. काचेला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. म्हणजे लाल पागोटे काळे उमटायचे. अशा साधनाने बेल्ह्याचा बाजार कसा टिपणार? शेपटी हलली की बैल पुसट झाला. स्तब्ध उभा केलेला माणूस तेवढा टिपता येई, आणि तसा उभा केलेला माणूस आपसूकच नमुना होतो.

पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. चित्र क्षणार्धात निघू लागले आणि रसायने दुसऱ्याच्या माथी गेली. तंत्राची सबब संपली, तरी नमुने पाहण्याची सवय सुटली नाही.

सुधारणेचा वेगळा धडा आम्हांला दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रात दिसतो. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रण शिकले, गोध्र्याला स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी केली. एवढ्या अनुभवानंतर, १९१२ साली, त्यांनी कॅमेरा लावला तो कुंडीतल्या वाटाण्यापुढे. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत दाण्याचा वेल होईपर्यंत ते टिपत राहिले. हेतू भांडवलदाराची खात्री पटवण्याचा होता, हे खरे. पण विषय न बदलता पुन्हापुन्हा त्याच जागी पाहणे ही शिस्त आमच्या मते त्यातील मोलाची गोष्ट होय. विषय बदलत राहणाऱ्याला आपली चूक सहसा दिसत नाही, नवेपणा तिला झाकून टाकतो.

म्हणून आम्ही दुसऱ्या सोमवारी बेल्ह्यालाच गेलो, तिसऱ्याही. हळूहळू डोळा सरावला. बैलाचे वय दातांवरून सांगतात, आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, हे कळल्यावर जबडा उघडून पाहणारा हात कोणत्या क्षणी टिपावा तेही कळले. सौदा रुमालाखाली बोटे धरून होतो. भाव दोघांनाच ठाऊक. कॅमेऱ्याला तिथे फक्त कापड दिसते. आम्ही बराच काळ त्या कापडाचीच चित्रे घेत होतो. मग ध्यानात आले की सौदा चेहऱ्यांवर आहे, आणि तोही घेणाऱ्या-देणाऱ्यांपेक्षा बाजूला उभ्या असलेल्या, भाव न कळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अधिक.

खरी परीक्षा पुढेच होती. एका शेतकऱ्याचा त्याच्या खिलार बैलासह घेतलेला फोटो छापून आम्ही पुढच्या सोमवारी त्याला नेऊन दिला. आमच्या मंडळींत त्या चित्राची तारीफ झाली होती: रचना घट्ट, प्रकाश मऊ, माणसाचा हात बैलाच्या वशिंडावर. बैल त्याच सोमवारी विकला गेला होता. त्याने फोटो बराच वेळ निरखला, आणि म्हणाला, “अहो, खुरं कुठं गेली? बिनखुरांचा बैल व्हय ह्यो?”

आम्ही चौकट गुडघ्यांच्या वर कापली होती. बैल पारखताना पायांची ठेवण आणि खुरे आधी पाहतात, हे त्या बाजारातल्या पोरालाही ठाऊक. आम्हांला रचनेपुढे ते सुचलेच नाही. आणि आता तो बैल परत टिपण्याची सोय उरली नव्हती. वर्षानुवर्षे दावणीला असलेल्या जनावराची एवढीच खूण त्याच्या हाती राहणार होती, आणि ती आम्ही अर्धवट ठेवली होती.

मुंबईच्या त्या संस्थेच्या बैठकांकडे आम्ही पुन्हा वळलो ते या प्रसंगानंतर. तिथे जाणकार होते, चर्चा होती, दोषदिग्दर्शनही होते. पण ज्यांची चित्रे मांडली जात, त्या कोळ्याला, त्या भिक्षुकाला, त्या नर्तकीला त्या बैठकीत खुर्ची नव्हती. कोळ्याने आपल्या जाळ्याविषयी काय सांगितले असते? आमच्या मंडळींच्या शनिवारच्या बैठकीतही बेल्ह्याचा कोणी नव्हता. छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना आपण कॅमेरे, संस्था, प्रदर्शने मोजतो. चित्र चित्रित माणसाकडे परत गेले की नाही, याचा रकाना त्यात नसतो.

नंतर आम्ही छापील प्रती घेऊन जाण्याचा शिरस्ता ठेवला. २०२२ साली लम्पीच्या साथीमुळे राज्यात जनावरांचे बाजार बंद राहिले तेव्हा काही प्रती आमच्याकडेच पडून राहिल्या. बाजार पुन्हा भरू लागल्यावर त्यांतल्या काहींचे धनी भेटले, काहींचे नाही. खुरांचा प्रश्न विचारणारे काका भेटले. या खेपेस त्यांच्या नव्या गोऱ्ह्याचा फोटो होता, चारी खुरांसकट. त्यांनी तो उन्हात धरला, मान तिरपी करून पाहिला. “पाय बराबर आल्येत,” ते म्हणाले. “पण दुपारचा काढलाय ह्यो. दुपारी रंग मरतोय जनावराचा. सकाळच्याला या.”